गटप्रकल्पासाठी ऑनलाइन साधन निवडताना या चुका टाळा

गटातील एकाच्या रत्नागिरीतील घरी वायफाय असते आणि दुसरीला राजापूर तालुक्यातील वाडीतून रेंज मिळवण्यासाठी घरामागची घाटी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जावे लागते. साधन निवडताना मात्र पहिल्याच्या सोयीने निर्णय होतो, आणि दुसरी 'कामच करत नाही' असा शिक्का तिच्यावर बसतो. माझ्या मते हीच सर्वांत मोठी चूक आहे. ज्याचे नेट सर्वांत कमकुवत, त्याला जे साधन वापरता येईल तेच गटाचे मुख्य साधन असावे.

त्यामुळे रोजच्या चर्चेसाठी व्हिडिओ बैठक सहसा योग्य ठरत नाही. गूगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा अधिक जणांची बैठक 60 मिनिटांत संपते आणि झूमवर 40 मिनिटांत. त्यातला बराच वेळ 'आवाज येतोय का?' हे विचारण्यातच जातो. पावसाळ्यात लाईट गेली की काही वेळाने टॉवरही बंद पडतो. बैठक घ्यायचीच असेल तर कॅमेरे बंद ठेवून केवळ आवाजावर घ्यावी, आणि ठरलेली कामे नावांसह लगेच गटात लिहून टाकावीत, म्हणजे ज्याचा संपर्क तुटला त्याला संध्याकाळी रेंज आल्यावर ती वाचता येतील.

दुसरी चूक म्हणजे सगळेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणे. निरोपासाठी व्हॉट्सअ‍ॅप उत्तमच आहे, कारण ते सर्वांकडे असते आणि कमी रेंजमध्येही चालते. परंतु ते साठवणुकीचे कपाट नव्हे. कातळशिल्पांवर, म्हणजे सड्यावरच्या खडकात कोरलेल्या प्राचीन चित्रांवर, प्रकल्प करणारा एक गट माझ्या देखरेखीखाली होता. उक्षी, कशेळी आणि देवाचे गोठणे येथे मुलांनी मेहनतीने छायाचित्रे काढली आणि ती नेहमीप्रमाणे फोटो म्हणून गटात पाठवली. व्हॉट्सअ‍ॅप अशा वेळी छायाचित्र आकाराने लहान करते आणि त्यातील ठिकाणाची नोंदही काढून टाकते. अहवाल लिहायला बसल्यावर जांभ्या दगडावरची बारीक रेघ दिसेना आणि काही छायाचित्रे नक्की कोणत्या सड्यावरची, हेही सांगता येईना. मूळ छायाचित्रे एका मुलाच्या फोनमध्ये होती, पण फोन भरला म्हणून त्याने ती पुसली होती. तीच छायाचित्रे 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली असती तर मूळ स्वरूपात पोहोचली असती. त्याहून चांगला मार्ग म्हणजे गूगल ड्राइव्हवर गावांच्या नावाने फोल्डर करणे. मोफत खात्यात 15 जीबी जागा मिळते. कॅमेऱ्यातील लोकेशन मात्र आधीच चालू करून ठेवावे लागते.

लेखनासाठी गूगल डॉक्ससारखी सामायिक फाईल घ्यावी, 'अंतिम', 'अंतिम २', 'खरोखर अंतिम' अशा वर्डच्या फाईली एकमेकांना पाठवत बसू नये. येथे चूक होते ती परवानगीची. फाईल करणाऱ्याने लिंक दिलेली असते, पण उघडताना 'परवानगी मागा' असा संदेश येतो, आणि परवानगी देणारा, म्हणजे फाईल करणारा विद्यार्थी नेमका तेव्हा एसटीत घाटात असतो. कॉलेजच्या खात्यावरून केलेली फाईल बाहेरच्या खात्यांना उघडू न देण्याची व्यवस्थाही अनेक ठिकाणी असते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा ईमेल जोडून संपादनाची परवानगी द्यावी आणि प्रत्येकाने एक ओळ लिहून पाहावी. रेंज नसलेल्यांनी मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ती फाईल ऑफलाइन उपलब्ध करून घ्यावी. घरी केलेले लेखन नेट आल्यावर आपोआप जुळते. मात्र ऑफलाइन असताना दोघांनी एकाच परिच्छेदात फेरफार करू नयेत, प्रकरणे वाटून घ्यावीत.

कोणी किती लिहिले हे फाईलच्या आवृत्तीच्या इतिहासावरून (व्हर्जन हिस्टरी) दिसते, पण त्यावर डोळे झाकून गुण देऊ नयेत. दोन बहिणी एकाच फोनवर, एकाच खात्यावरून काम करत असतील तर तेथे एकच नाव दिसते.

निसर्ग चक्रीवादळानंतर, जून 2020 मध्ये, दापोली-मंडणगड परिसरात वीज आणि मोबाइल दोन्ही अनेक दिवस बंद होते. तेव्हापासून मी प्रत्येक गटाकडून सर्वांचे आणि त्यांच्या घरच्यांचे फोन क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतो.