फेडरल दिवाणी खटल्यात अपिलाचे मुद्दे ट्रायलमध्येच गमावले जातात: या चुका टाळा

मुंबई-पुण्यात काही वर्षं दिवाणी वकिली करून, एलएलएमनंतर अमेरिकेत लिटिगेशनमध्ये शिरलेल्या मराठी वकिलांसाठी हे लिहिते आहे. अमेरिकेत दावा चालू असलेल्या आपल्याकडच्या कंपन्यांच्या लीगल विभागालाही ते उपयोगी पडेल.

आपली सवय वेगळी असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96 खालचं पहिलं अपील म्हणजे पुरावा आणि कायदा, दोन्हींची नव्याने छाननी. दाव्याच्या ओघात झालेल्या हुकमातली चूकसुद्धा कलम 105 मुळे हुकूमनाम्यावरच्या अपिलात मांडता येते. त्यामुळे "खाली काही राहिलं तर वर बघू" हे मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं. फेडरल कोर्टात, त्यातही ज्युरीसमोरच्या खटल्यात, हा विचार पक्षकाराला बुडवतो. सर्किट कोर्टातले, म्हणजे फेडरल अपील कोर्टातले, तीन न्यायाधीश निकाल बरोबर की चूक याकडे नंतर वळतात. हा मुद्दा जिल्हा न्यायाधीशांसमोर वेळेत मांडला होता का आणि ट्रान्सक्रिप्टच्या कुठल्या पानावर, हे ते आधी विचारतात. पान दाखवता आलं नाही तर मुद्दा कितीही भक्कम असला तरी बहुतेक वेळा तिथेच संपतो.

नुसतं "ऑब्जेक्शन" म्हणून खाली बसणं

पुराव्याच्या नियमांतला नियम 103 सांगतो की हरकत वेळेवर घ्यायची आणि तिचं नेमकं कारण सांगायचं. कारण संदर्भावरून उघड असेल तर सूट आहे, पण त्या सुटीवर विसंबू नका. साक्षीदार सांगतो, "सुपरवायझर म्हणाला की मशीन आधीपासूनच बिघडलं होतं." तुम्ही उठून "ऑब्जेक्शन, हिअरसे" (म्हणजे ऐकीव पुरावा) म्हणता आणि हरकत फेटाळली जाते. अपिलात मात्र तुम्हाला म्हणायचं असतं की या वाक्याने ज्युरीचं मन अन्यायाने कलुषित झालं, म्हणजे मुद्दा नियम 403 चा. तो तुम्ही मांडलेलाच नाही. एका कारणावर घेतलेली हरकत दुसऱ्या कारणाला जिवंत ठेवत नाही. म्हणून दोन्ही कारणं असतील तर एका दमात दोन्ही सांगा: "हिअरसे, आणि फोर-ओ-थ्री." उत्तर आधीच बाहेर पडलं असेल तर ते वगळण्याची, म्हणजे मोशन टू स्ट्राइकची, मागणी करा.

आपल्याकडे बऱ्याचदा हरकत नोंदवून दस्तऐवजाला निशाणी क्रमांक दिला जातो आणि हरकतीचा विचार अंतिम युक्तिवादावर ढकलला जातो. इथे निर्णय तिथल्या तिथे हवा. न्यायाधीश "पुढे चला" एवढंच म्हणाले तर तो निर्णय नव्हे. नम्रपणे, पण स्पष्ट विचारा की हरकत मान्य झाली की फेटाळली. फेटाळल्यावर वेगळं "एक्सेप्शन", म्हणजे निर्णय मान्य नसल्याची औपचारिक नोंद, करायची गरज नाही, दिवाणी प्रक्रियेच्या नियम 46 ने ती प्रथा केव्हाच काढून टाकली आहे.

कोर्ट रिपोर्टर शब्दन् शब्द टिपतो, पण शब्दच टिपतो. साक्षीदाराने हाताने "इथून इथपर्यंत" दाखवलं तर "साक्षीदाराने साधारण दोन फूट अंतर दाखवलं" असं तुम्हीच मोठ्याने बोलून नोंदवा. साइडबारवर न्यायाधीशांशी कुजबुजत झालेली चर्चा रिपोर्टरने घेतली नसेल, तर पुढच्या सुट्टीत ज्युरी बाहेर असताना ती रेकॉर्डवर सांगा आणि न्यायाधीशांकडून दुजोरा घ्या.

पुरावा नाकारला गेल्यावर "ठीक आहे, युअर ऑनर"

तुमचा पुरावा आत येऊ दिला नाही तर हरकतीने भागत नाही, ऑफर ऑफ प्रूफ द्यावी लागते. ज्युरी बाहेर असताना सांगायचं की या साक्षीदाराने काय सांगितलं असतं, ते कशासाठी महत्त्वाचं आहे आणि ते कोणत्या नियमाखाली ग्राह्य आहे. न्यायाधीश हे प्रश्नोत्तर रूपातही घ्यायला लावू शकतात. साक्षीदार मोलाचा असेल तर तेच उत्तम, कारण त्याचे स्वतःचे शब्द वर जातात. नाकारलेल्या कागदावर ओळखीसाठी क्रमांक टाकून घ्या आणि तो कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये राहील याची खात्री करा. तो तुमच्या बॅगेत परत गेला तर अपील कोर्टासाठी तो कागद अस्तित्वातच नसतो.

मोशन इन लिमिनेवर निर्धास्त राहणं

मोशन इन लिमिने म्हणजे एखादा पुरावा आत येऊ द्यायचा की नाही हे ट्रायलपूर्वीच ठरवून मागणारा अर्ज. त्यावर मिळालेला निर्णय रेकॉर्डवर आणि निश्चित स्वरूपाचा असेल तर हरकत पुन्हा घ्यावी लागत नाही, अशी सुधारणा 2000 साली नियम 103 मध्ये झाली. सगळा जोर "निश्चित" या अटीवर आहे. "सध्या नामंजूर, पुरावा पुढे येईल तेव्हा बघू" हा निश्चित निर्णय नाही. शंका असेल तर हरकत पुन्हा घ्या, त्याला अर्धं मिनिट लागतं. समोरच्याने निर्णयाची मर्यादा ओलांडली तर नवी हरकत लागतेच. आणि आपल्याविरुद्धचा पुरावा टोचू नये म्हणून तो आपणच सरतपासात आधी आणू नका. ओहलर विरुद्ध युनायटेड स्टेट्स (2000) या फौजदारी खटल्यात आरोपीने आपली जुनी शिक्षा स्वतःच सरतपासात सांगितली आणि ती दाखल करण्याविरुद्धची तक्रार सुप्रीम कोर्टात गमावली.

ज्युरी इन्स्ट्रक्शनचा मसुदा दिला म्हणजे झालं असं मानणं

झालं नाही. ज्युरी इन्स्ट्रक्शन म्हणजे लागू कायद्याबद्दल न्यायाधीश ज्युरीला देतात ती सूचना. दिवाणी प्रक्रियेच्या नियम 51 प्रमाणे तिच्यावरची हरकत रेकॉर्डवर हवी, कशावर आणि का ते स्पष्ट हवं, आणि ती ज्युरीला सूचना वाचून दाखवण्यापूर्वीच्या संधीत घ्यावी. तुमची सूचना न्यायाधीशांनी रेकॉर्डवर निश्चितपणे नाकारली असेल तर ती विनंतीच पुरते, अन्यथा हरकतही लागते. खरी अडचण चार्ज कॉन्फरन्सची, म्हणजे या सूचनांवर वकील आणि न्यायाधीशांत होणाऱ्या चर्चेची. ती कधीकधी चेंबरमध्ये, रिपोर्टर नसताना होते. तासभर वाद घातलेला असतो आणि ट्रान्सक्रिप्टमध्ये त्याची ओळही नसते. कोर्टरूममध्ये परतल्यावर प्रत्येक हरकत क्रमाने, कारणासह पुन्हा सांगा. न्यायाधीश घाईत असले तरी सांगा.

नियम 50 चा दुसरा भाग विसरणं

सगळ्यांत जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून जरा थांबून बघू.

"हा निकाल देण्याइतका पुरावाच नव्हता" असं अपिलात म्हणायचं असेल तर दोन पायऱ्या आहेत. पहिली, नियम 50(अ): प्रकरण ज्युरीकडे सोपवण्यापूर्वी जजमेंट ॲज अ मॅटर ऑफ लॉचा अर्ज, म्हणजे पुरावा अपुरा असल्याने ज्युरीऐवजी न्यायाधीशांनीच निकाल द्यावा अशी मागणी. वादीचा पुरावा संपला, ज्युरी जेवायला गेली, न्यायाधीश खुर्चीतून उठण्याच्या बेतात आहेत, आणि प्रतिवादीचा वकील म्हणतो, "नेहमीचा रूल फिफ्टी मोशन, युअर ऑनर." "डिनाइड." एवढ्यावर समाधान मानू नका. नियमाला कोणता निकाल हवा आणि कोणत्या कायद्याने व तथ्यांनी तो मिळतो हे सांगितलेलं लागतं. दाव्याचा एकेक घटक घ्या: कर्तव्य, भंग, कारणसंबंध, नुकसान. ज्याचा पुरावा नाही तो नाव घेऊन सांगा. शक्यतो दोन पानांचा लेखी अर्ज तयार ठेवा.

दुसरी पायरी, नियम 50(ब): न्यायनिर्णय नोंदवल्यापासून 28 दिवसांच्या आत तोच अर्ज पुन्हा करायचा, सोबत पर्यायाने नियम 59 खाली नव्या ट्रायलची मागणी. पहिल्या अर्जात नसलेलं कारण इथे घुसवता येत नाही. हे 28 दिवस न्यायाधीशही वाढवू शकत नाहीत, नियम 6(ब)(2) तशी स्पष्ट मनाई करतो. समोरच्या वकिलाने संमती दिली, कोर्टाने तारीख वाढवून दिली, तरी तिच्यावर विसंबू नका.

युनिथर्म फूड सिस्टिम्स विरुद्ध स्विफ्ट-एकरिच (2006) हे प्रकरण प्रत्येकाने वाचावं. प्रतिवादीने निकालापूर्वीचा अर्ज केला होता, तो फेटाळला गेला. निकालानंतर ना 50(ब) चा अर्ज, ना नव्या ट्रायलचा. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पुरावा अपुरा होता हा मुद्दा तपासायला अपील कोर्टाला आधारच उरलेला नाही.

समरी जजमेंटबद्दल (म्हणजे ट्रायलविना, कागदपत्रांवरूनच मिळणाऱ्या निकालाबद्दल) गोंधळ होतो तोही इथेच. ऑर्टिझ विरुद्ध जॉर्डन (2011) प्रमाणे पूर्ण ट्रायल झाल्यावर समरी जजमेंट नाकारल्याच्या हुकमावर अपील करता येत नाही, कारण ट्रायलमधल्या पुराव्याने तो हुकूम मागे पडतो. डुप्री विरुद्ध यंगर (2023) ने एक रस्ता मोकळा केला: नाकारण्याचं कारण निव्वळ कायद्याचा प्रश्न असेल तर तो ट्रायलनंतर पुन्हा मांडायची गरज नाही. मात्र कायदा कुठे संपतो आणि तथ्य कुठे सुरू होतं यावर वाद होणारच. माझं मत ठाम आहे: प्रश्न शंभर टक्के कायद्याचा वाटला तरी तो 50(अ) आणि 50(ब) दोन्हींत घाला.

ज्युरी घरी गेल्यावर विसंगती लक्षात येणं

व्हर्डिक्ट फॉर्ममधली, म्हणजे ज्युरी आपला निकाल भरून देते त्या पत्रकातली, उत्तरं एकमेकांशी जुळत नसतील तर ज्युरीला मोकळं करण्यापूर्वी बोला. अनेक सर्किटमध्ये नंतरची तक्रार ऐकून घेतली जात नाही. फॉर्म वाचून होताच पाच मिनिटं मागून घ्या.

"प्लेन एरर आहेच की" असा भरवसा

उघड आणि गंभीर चूक हरकत घेतली नसतानाही अपील कोर्टाने बघावी, ही प्लेन एररची सोय नियम 103 आणि नियम 51 दोन्हींत आहे, पण दिवाणी प्रकरणात ती फार क्वचित मिळते. विषयावरच्या अधिकारक्षेत्राचा मुद्दा कधीही काढता येतो. व्यक्तीवरच्या अधिकारक्षेत्राचा मात्र सुरुवातीलाच मांडला नाही तर नियम 12(ह) खाली गेला. ज्युरीविना चाललेल्या खटल्यात थोडी मोकळीक आहे: नियम 52 प्रमाणे न्यायाधीशांच्या निष्कर्षांना पुरेसा पुरावा नाही हे आधी हरकत न घेताही म्हणता येतं. पुराव्याच्या ग्राह्यतेवरच्या हरकतींना ही मोकळीक लागू नाही.

अपिलाची तारीख चुकीच्या दिवसापासून मोजणं

अपिलाची नोटीस न्यायनिर्णय नोंदवल्यापासून 30 दिवसांत, आणि अमेरिकी सरकार पक्षकार असेल तर 60 दिवसांत. नियम 50(ब) किंवा 59 चा अर्ज वेळेत केला असेल तर मुदत त्या अर्जाच्या निकालापासून मोजतात. अर्ज उशिरा केला तर तो मुदत थांबवत नाही, आणि मग दोन्ही हातचं जातं. बाउल्स विरुद्ध रसेल (2007) मध्ये अपिलाची मुदत पुन्हा खुली करताना जिल्हा न्यायाधीशांनी 14 ऐवजी 17 दिवस दिले, वकिलाने त्यावर विश्वास ठेवून सोळाव्या दिवशी नोटीस दिली आणि अपील अधिकारक्षेत्राअभावी बाद झालं. म्हणून हुकमात छापलेली तारीखही नियमाशी ताडून बघा.

नोटीस दिल्यावर ट्रान्सक्रिप्टची मागणी 14 दिवसांत करायची असते. निष्कर्षाला पुराव्याचा आधार नाही असं म्हणणार असाल तर त्या मुद्द्यावरची सगळी साक्ष मागवा, तुमच्या विरुद्ध जाणारीसुद्धा. खर्च वाचवायला निवडक दिवसांचीच पानं मागवली तर उरलेल्या दिवसांत पुरेसा पुरावा आला असेल, असं अपील कोर्ट धरून चालू शकतं.