मेळघाटात शाळा चालवताना या चुका टाळा

दरवर्षी मेळघाटात नवे शिक्षक रुजू होतात, संस्थांची तरुण मुलंमुली येतात, आणि महिन्याभरात सगळ्यांची तक्रार एकच असते: "गुरुजी, इथले लोक सहकार्यच करत नाहीत." धारणी-चिखलदऱ्यातल्या शाळांत माझी २२ वर्षं गेली. हे वाक्य ऐकलं की मला अजूनही चीड येते. खोदून विचारलं की कळतं, लोकांना काही विचारलेलंच नव्हतं. सहीला बोलावलं, ते आले नाहीत, एवढंच घडलेलं असतं.

सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरवणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, आणि सर्वांत महाग पडताना पाहिली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात असं स्पष्ट लिहिलं आहे. कागदावर प्रत्येक शाळेत हे जमलेलं असतं. बैठक मात्र सकाळी ११ वाजता. ११ वाजता इथल्या कोरकू आदिवासींच्या घरात कोण सापडणार? कुणी शेतात, कुणी रोजगार हमीवर, मोहफुलांच्या दिवसांत तर अख्खं घर पहाटेच जंगलात. मग सातवीतल्या एखाद्या पोराच्या हाती रजिस्टर द्यायचं, घरोघरचे अंगठे आणायचे आणि इतिवृत्त सावकाश लिहून काढायचं.

मीही हेच केलं होतं. मुख्याध्यापकाचा चार्ज नवा होता. पोषण आहारासाठी किचनशेड मंजूर झाली आणि मार्चअखेर निधी परत जाण्याची धास्ती होती. जानेवारीत बैठक लावली, चार माणसं आली. मैदानाच्या कडेची मोकळी जागा मी दाखवली, त्यांनी माना डोलावल्या. बाकीचे अंगठे पोराने फिरून आणले. आठवड्यात पाया खणून झाला.

निम्मं गाव तेव्हा कामाला बाहेर होतं. होळीला लोक परतले आणि त्यांना तो खड्डा दिसला. कुणी भांडायला आलं नाही, कुणी शब्द बोललं नाही. फक्त मुलं यायची थांबली. पटावर ४१, वर्गात ९. मी घरोघर जाऊन शिक्षणाचं महत्त्व सांगत होतो, दंडाची भीती घालत होतो, आणि लोक शांतपणे ऐकून घेत होते. पंधरा दिवसांनी गावपाटलाने मला बाजूला घेतलं. ती गावाची होळी पेटवायची जागा होती. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच होळी पेटायची. मी म्हटलं, "पाटीलबाबा, बैठकीत का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "गुरुजी, बैठक तुम्हारी थी। हम तो सुनने आए थे।"

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात गेलो, रजिस्टर न घेता. चूक कबूल केली आणि जागा तुम्हीच दाखवा म्हटलं. बायकांनी हातपंपाजवळची जागा सांगितली, कारण स्वयंपाकाचं पाणी वाहून त्यांनाच आणायचं होतं. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. जुना खड्डा गावाने बुजवला, नवा पायाही गावानेच खणला. मुलं दुसऱ्या दिवसापासून आली.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. बैठक शाळेत नाही, गावात. दिवेलागणीनंतर, बायकांची चूल विझल्यावर. आधी गावपाटील आणि भुमका, म्हणजे गावचा पुजारी-वैदू, यांना वेगवेगळं भेटून विषय सांगायचा. त्याच दिवशी निर्णय मागायचा नाही. लोक आपसात बोलतात, दोन-तीन रात्री जातात, मग उत्तर येतं. तालुक्याला फोटो पाठवायची घाई असलेल्यांना हे जमत नाही, आणि त्यांची कामं टिकतही नाहीत. रजिस्टर मी सर्वांत शेवटी काढतो.

आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून आहे, राज्याचे नियम २०१४ चे आहेत, आणि धारणी-चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर गावाचं नियंत्रण असावं, असं त्या कायद्यात म्हटलं आहे. म्हणजे शाळेवर आणि माझ्यावरही. गावाला विचारणं हा आपला मोठेपणा समजणाऱ्या शिक्षकांनी तो एकदा वाचावा.

होळीला रजा टाकून घरी जाणं

दिवाळीनंतर घरं रिकामी व्हायला लागतात. कुणी परतवाड्याकडे, कुणी अकोल्याकडे, कुणी बांधकामावर, कुणी वीटभट्टीवर. होळीला मात्र माणूस कुठेही असो, गावात येतोच. फगवा, म्हणजे होळीची खुशी, मागतात, नाचतात, लग्नाच्या बोलण्या होतात. वर्षातला हा एकच आठवडा असा, की प्रत्येक मुलाचे आईबाप एका जागी सापडतात. आणि नेमके तेव्हाच आपण शिक्षक जोडून रजा टाकतो, मग डिसेंबरात पालकमेळावा भरवून रिकाम्या सतरंजीकडे बघत बसतो.

पहिलीत कोण येणार, आश्रमशाळेत कुणाला घालायचं, पुढच्या हंगामात मूल कुणाजवळ ठेवायचं, ही सगळी बोलणी मी होळीतच करतो. स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, बाहेरगावच्या शाळेत मुलाला बसता यावं म्हणून द्यायचं शिक्षण हमी पत्रकही आहे, दोन्ही वापरा. पण आधी गावाला विचारा. कोणत्या आजीजवळ किती मुलं राहू शकतात, हे गावाला पाठ असतं. डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, वारली मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर, शाळाच कुरणात नेली होती. आपल्याला तर फक्त रजेचा अर्ज मागे घ्यायचा आहे.

"मूल बोलत नाही" असा शेरा मारणं

कोरकू ही मराठीची बिघडलेली बोली नाही. ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली भाषा आहे. सहा वर्षांच्या मुलापुढे मराठी पुस्तक ठेवून तीन महिन्यांत ते मंद ठरवायचं, हा अन्याय आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० क मध्येही आहे.

एका शाळेत तिसरीतल्या मुलापुढे ५० चिंचोके ठेवले होते. त्याने उत्तर दिलं ते असं, की दोन वीस आणि एक गेल. गेल म्हणजे दहा. तरुण शिक्षकाने फुली मारली. मी ती खोडायला लावली. त्याची आजी बाजारात मोहफुलं विकते, ती विसा-विसानेच मोजते, आणि तिचा हिशेब व्यापाऱ्यालाही चुकवता येत नाही. मुलगा तिच्याजवळच शिकला होता. त्या विसाचे दोन दशक करून दाखवले की अंकांची स्थानिक किंमत तिथेच कळते. आम्ही तसंच केलं, अर्ध्या तासाचं काम.

पहिलीच्या वर्गात गावातली शिकलेली एखादी मुलगी निदान पहिले काही महिने बसवाच. पेसा गावांना अबंध निधी, म्हणजे ग्रामसभेने ठरवून खर्चायचा निधी, मिळतो, त्यातून शिक्षणावर खर्च करता येतो. तिच्या मानधनाचा विषय ग्रामसभेपुढे मांडा. आणि शिक्षकाने स्वतः कोरकू शिकावी. दोन वर्षांत कामापुरती येते. "बदलीच होणार आहे, कशाला शिकू" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण पहिलीचा वर्ग त्यांना देतही नाही.

आदिवासींना शिक्षणाची आवड नाही, असं कुणी म्हटलं तर मी मोहगाव सांगतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या या गावाच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. आवड होती. आपण देत होतो ते शिक्षण त्यांच्या भाषेतलं नव्हतं.

दाखल-खारीज रजिस्टरात मनाने लिहिणं

जन्मतारीख ठाऊक नाही, टाका १ जून. नाव उच्चारता येत नाही, लिहा जवळचं मराठी नाव. ही दोन मिनिटांची सोय मुलाला पंधरा वर्षांनी भोवते. बारावीनंतर जात पडताळणीला गेला की शाळेतल्या नोंदीच काढल्या जातात. बापाचं नाव एका ठिकाणी वेगळं, आडनाव दुसरीकडे वेगळं, जमातीचा रकाना कोरा. मग ते पोर मजुरी बुडवून अमरावतीच्या खेपा घालतं. मी दाखल करताना घरी जातो, आईला विचारतो. जन्म कोणत्या सणाच्या आधी-नंतर झाला ते तिला आठवतं, अंगणवाडीच्या नोंदीशी ते ताडून बघतो. लिहिलेलं नाव मोठ्याने वाचून दाखवतो, ती हो म्हणाली की मगच शाई.

बाकीच्या चुका थोडक्यात. साहेब येणार म्हणून मुलांकडून गादली-सुसून हा कोरकू नाच करवून घेऊ नका. नाच शिकवायचा तर गावातल्या जाणत्या बायकांना बोलवा आणि त्या सांगतील त्या दिवसांत शिकवा. दप्तरवाटपात मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नका. रेंज नसलेल्या गावात व्हॉट्सॲपवर निरोप टाकू नका, माणूस पाठवा. भुमकाची चेष्टा वर्गात कधीही करू नका. मूल आजारी पडलं तर त्यालाही विचारा आणि आरोग्य केंद्रातही न्या, बहुतेक भुमका दवाखान्याला अडवत नाहीत. सहा महिन्यांच्या प्रकल्पाला 'आदर्श शाळा' म्हणू नका.

बदलीचा आदेश आला की आपण चार्जपट्टीवर टेबलं, खुर्च्या, पातेली मोजून देतो. कोणतं घर केव्हा कामाला जातं, कोणत्या आजीजवळ कोणती मुलं राहतात, होळीची जागा कुठे आहे, हे कुणीच देत नाही, आणि पुढचा माणूस तोच खड्डा पुन्हा खणतो. माझ्याकडे या नोंदींची एक वही असते. मागच्या दोन बदल्यांत मी ती नव्या गुरुजींच्या हाती दिली आणि एक दिवस जास्त थांबून त्यांना पाटलाच्या, भुमकाच्या आणि मुलं सांभाळणाऱ्या तिन्ही आजींच्या घरी घेऊन गेलो.