अंदमानच्या खोल पाण्यात गळावर कुपा धरताना

कोकणच्या बाजारात कुपा किंवा गेदर या नावाने येणारा मासा बर्फातून आलेला असतो, त्यामुळे जिवंतपणी त्याचे अंग गरम असते ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बहुतेक माशांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याइतकेच असते. कुप्याच्या स्नायूंजवळ मात्र रक्तवाहिन्यांची अशी दाट जाळी असते की स्नायूंकडून परतणारे गरम रक्त आत येणाऱ्या थंड रक्ताला आपली ऊब देऊन जाते, आणि पोहण्याच्या श्रमातून निर्माण झालेली उष्णता अंगातच राहते. या उबेमुळेच तो इतक्या वेगाने आणि इतका वेळ झुंजू शकतो. झुंज लांबली की हीच उष्णता त्याचे मांसही बिघडवते. हौशी मासेमाराने साधने निवडण्यापासून मासा बर्फात ठेवण्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय ही एक गोष्ट समोर ठेवून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

खोल समुद्रातील यलोफिन, म्हणजे पिवळ्या परांचा कुपा, गळावर धरायचा असेल तर भारतात अंदमानइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण तेथे किनाऱ्यापासून फार दूर न जाताच तळ खोल होत जातो. पोर्ट ब्लेअरच्या (२०२४ पासूनचे नाव श्री विजयपुरम) ईशान्येस सुमारे १३५ ते १४० किलोमीटरवर बॅरन बेट आहे. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी असलेले हे बेट दोन हजार मीटरहून अधिक खोल तळापासून वर उठलेले आहे. समुद्राच्या प्रवाहाला अशी उभी भिंत आडवी आली की पाणी घुसळते, लहान मासे कडेला गोळा होतात आणि त्यांच्यामागे कुपे येतात. पोर्ट ब्लेअरच्या आग्नेयेकडील इन्व्हिसिबल बँक हा उथळ उंचवटाही याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. जानेवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत भरवशाचा. मे महिन्याच्या मध्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांची शक्यता असते. सेल्युलर जेल पाहण्यास गेलेली अनेक मराठी कुटुंबे जाता जाता एक दिवस मासेमारीसाठी काढतात. अशा एका दिवसात बॅरनचा विचार करू नये, कारण वेगवान बोटीलाही तेथे पोहोचण्यास काही तास लागतात आणि परतीच्या प्रवासात समुद्र सकाळसारखाच शांत असेल याची खात्री नसते.

बोट ठरवताना भाड्याच्या आधी कागदपत्रे विचारावीत. बोटीची नोंदणी, क्रीडा मासेमारीची परवानगी आणि प्रवाशांचा विमा या तीन गोष्टी ज्याच्याकडे तयार असतात तो तांडेल (बोटीचा प्रमुख) बहुधा बाकीच्या बाबतीतही काळजी घेणारा निघतो. नॉर्थ सेंटिनल बेटाच्या आणि जारवा राखीव क्षेत्राच्या लगतच्या पाण्यात शिरण्यास बंदी आहे, तसेच वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान व राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत मासेमारी करता येत नाही. दोन इंजिने, प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आणि चालू स्थितीतील व्हीएचएफ (बिनतारी) संच हे निघण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. व्हीएचएफवरील १६ क्रमांकाची वाहिनी संकटाच्या हाकेसाठी असते, आणि मोबाइलला रेंज असेल तोवर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लागतो. परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींना एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. उपग्रहाद्वारे चालणारा फोन किंवा संदेशयंत्र भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे, आणि अशी उपकरणे विमानतळावरच जप्त होऊन पुढे पोलिसांपर्यंत प्रकरण गेल्याची उदाहरणे आहेत. बोट लागण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या रात्रीच घ्यावी, कारण मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

साधनांच्या बाबतीत हलक्या दोरीवर मोठा मासा धरण्याचा अभिमान काही जण बाळगतात. कुप्याच्या बाबतीत मला तो योग्य वाटत नाही. वीस ते चाळीस किलोच्या यलोफिनसाठी पीई ६ ते ८ जाडीची विणलेली दोरी, रीलवर किमान तीनशे मीटर, आणि तिच्या टोकाला साठ ते ऐंशी किलो ताण सोसणारा नायलॉनचा किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड तुकडा, असावा. यलोफिनचे दात बारीक असतात, त्यामुळे तारेचा लीडर लागत नाही. उलट चकाकणाऱ्या तारेमुळे मासा बुजतो. दोरी आणि लीडर जोडण्यासाठी एफजी गाठ सर्वांत चांगली, कारण ती बारीक असल्याने रॉडच्या कड्यांतून अडखळल्याशिवाय सुटते. मात्र ती घरी बसून निदान वीस-पंचवीस वेळा बांधून पाहावी आणि दाराच्या कडीला अडकवून ताणून बघावी. डुलत्या बोटीवर घाईने बांधलेली एफजी गाठ पहिल्याच धावेत निसटते, आणि तो मासा तोंडातला गळ व मागे लोंबणारी दोरी घेऊन निघून जातो. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती ओढीला सुटावी हे ठरवणारा ब्रेक, हाही अंदाजाने लावू नये. रॉड वाकवून दोरीच्या टोकाला वजनकाटा लावावा आणि दोरीच्या तुटण्याच्या ताणाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ओढीला ड्रॅग सुटेल असा तो ठेवावा. चाळीस किलोची दोरी असेल तर हा आकडा दहा ते तेरा किलो येतो. एवढी ओढ उभ्याने धरून ठेवणे कठीण जाते, म्हणून कमरेचा पट्टा आणि रॉडचा दांडा टेकवण्याची गादी सोबत असावी.

तिहेरी गळांऐवजी एकेरी गळ लावावेत आणि त्यांचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. उलट्या काट्याशिवाय मासा सुटेल ही भीती बहुतांशी निराधार आहे. लक्षद्वीपमधील मिनिकॉयचे कोळी बांबूच्या काठीने एकेक कुपा बोटीत घेतात तो अशाच बिनकाट्याच्या गळावर. दोरी ताणलेली राहिली की मासा सुटत नाही. पुढेमागे हाच गळ आपल्या बोटात रुतला तर काटा नसल्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

कुपे शोधताना पाण्याआधी आकाश पाहावे. सुरय पक्षी उंचावरून एका दिशेने सरळ जात असतील तर ते केवळ प्रवासात असतात. तेच पक्षी एका जागी घिरट्या घालून पाण्यावर झेपावू लागले की खाली लहान माशांना वर रेटणारे कुपे असण्याची शक्यता मोठी. वाहत आलेला ओंडका, तुटलेल्या जाळ्याचा गुंता, दोन प्रवाह भेटतात तेथील फेसाची रेषा, या जागाही सोडू नयेत. थवा दिसल्यावर बोट थेट त्याच्यावर नेणे ही सर्वाधिक होणारी चूक आहे, कारण इंजिनाच्या आवाजाने कुपे खोल जातात आणि मग तासभर वर येत नाहीत. थव्याची दिशा पाहून त्याच्या पुढे, वाऱ्याच्या बाजूला, लांबून वळसा घेऊन जावे, इंजिन न्यूट्रलवर ठेवावे आणि मासे आपल्याकडे येऊ द्यावेत. तांडेलाला हे ठाऊक असते, परंतु उतावळ्या गिऱ्हाइकाच्या आग्रहामुळे तोही कधी कधी बोट पुढे दामटतो, म्हणून त्याला घाई करू नये. फेकण्याचे आमिष कुपे जे खात असतील त्याच्या आकाराचे असावे. बोटभर लांबीच्या माशांवर तुटून पडलेले कुपे वीतभर पॉपरकडे (पाण्यावर आवाज करणाऱ्या आमिषाकडे) ढुंकूनही पाहत नाहीत. थवे दिसत नसतील तेव्हा सहा ते आठ नॉट वेगाने झालरीची आमिषे मागे ओढत हिंडावे. त्याने एकेकटा फिरणारा मासा सापडतो.

मासा लागला की पहिली धाव थांबवण्याचा प्रयत्न करू नये. शंभर-दोनशे मीटर दोरी जाऊ द्यावी, रॉड फार उंच न उचलता स्थिर धरावा आणि ड्रॅगवर हात फिरवण्याचा मोह टाळावा. खरे कष्ट नंतर सुरू होतात. दमलेला कुपा बोटीखाली खोलवर गोल चकरा घेऊ लागतो, आणि बहुतेक नवखे लोक येथेच अर्धा-पाऊण तास घालवतात, कारण ते प्रत्येक क्षणी सारख्याच जोराने ओढत राहतात. चकरेच्या ज्या अर्ध्या भागात माशाचे डोके आपल्याकडे वळते त्या वेळी ताण किंचित हलका लागतो. तेव्हा रॉडचे आखूड हेलकावे देत भराभर दोरी गुंडाळावी. तो पाठ फिरवून दूर जाऊ लागला की फक्त धरून ठेवावे. दर चकरेला दोन-तीन मीटर मिळाले तरी पुरे. काहीच मिळत नसेल तर तांडेलाला बोट हळूहळू वीस-तीस मीटर पुढे घेण्यास सांगावे, म्हणजे उभी दोरी तिरपी होते आणि मासा वर येऊ लागतो. झुंज जितकी लांबते तितका मासा आतून तापतो, त्याच्या स्नायूंत आम्ल साचते आणि शार्कना माग लागतो. एखाद्या ठिकाणी शार्कने मासा अर्धा तोडून नेला तर तेथे पुन्हा गळ टाकू नये. सरळ जागा बदलावी. लीडर हाताला कधीही गुंडाळू नये. ते काम हातमोजे घातलेल्या अनुभवी खलाशाचे आहे.

डॉगटूथ या सुळेवाल्या माशाला कुपाच म्हणतात, परंतु तो वर्गीकरणाने खऱ्या कुप्यांपेक्षा बोनिटो माशांच्या अधिक जवळचा आहे आणि त्याची रीतही निराळी आहे. तो खडकाळ कड्यांजवळ राहतो, दोनशे ते चारशे ग्रॅमच्या जिगला (धातूच्या जड आमिषाला) लागतो आणि लागताक्षणी खाली खडकाकडे झेपावतो. येथे यलोफिनसारखी दोरी सोडली तर ती कड्यावर घासून तुटते, म्हणून पहिल्या काही सेकंदांत ड्रॅग घट्ट ठेवून त्याला तळापासून दूर काढावे लागते.

सोडून द्यायचा मासा बोटीत घेऊच नये. कुपा कल्ले हलवून पाणी ओढत नाही. पोहताना तोंडातून जाणाऱ्या पाण्यावरच त्याचा श्वास चालतो. फोटोसाठी हवेत धरलेला किंवा बोटीच्या कडेला स्थिर धरलेला कुपा यामुळेच गुदमरतो. गळ पाण्यातच पक्कडीने काढावा, आणि क्वचित मासा वर घ्यावाच लागला तर त्याला डोके खाली करून भाल्यासारखा जोराने पाण्यात सोडावा, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहू लागते. हिंदी महासागरातील यलोफिनचा साठा २०१५ मध्ये अतिमासेमारीने खालावल्याचे जाहीर झाले होते आणि २०१६ मध्ये पकड कमी करण्याची योजना मंजूर झाली. २०२४ च्या मूल्यमापनात स्थिती सुधारलेली दिसली, तरीही एका बोटीने एका दिवशी खाण्यापुरता एक मासा ठेवावा, यापेक्षा अधिक मला पटत नाही.

जो ठेवायचा तो ताबडतोब मारावा. दोन डोळ्यांच्या मध्ये किंचित वर टोकदार सळई खुपसून मेंदू निकामी करावा, नंतर छातीच्या परामागे चार बोटांवर दोन्ही बाजूंना लहान चिरा द्याव्यात आणि कल्ल्यांमागचा पडदा कापून रक्त वाहू द्यावे. पाच-दहा मिनिटांनी आतडी व कल्ले काढून मासा बर्फ आणि समुद्राचे पाणी यांच्या दाट काल्यात पूर्ण बुडवावा. नुसते बर्फाचे तुकडे अंगावर टाकल्याने मध्यभागाची उष्णता लवकर निघत नाही. मोठ्या कुप्यासाठी त्याच्या वजनाहून जास्त बर्फ लागतो, आणि तो बंदरातच भरून घ्यावा लागतो. या कामात हयगय झाली तर मांसात जिवाणूंमुळे हिस्टामाइन तयार होते, जे शिजवल्याने किंवा तळल्याने नाहीसे होत नाही; असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर पित्त उठणे असा त्रास होतो. नीट थंड केलेला कुपा दुसऱ्या दिवशी कापावा. पाठीचे लालसर मांस तव्यावर मोठ्या आचेवर बाहेरून भाजून आत ओलसर ठेवता येते. कण्याकडेच्या काळपट पट्ट्या बहुतेक हॉटेलांत फेकून देतात, पण तिरफळ व आमसूल घातलेल्या आमटीत त्यांचा उग्रपणा निवतो, म्हणून त्या वेगळ्या काढून ठेवाव्यात.