तलंगा अंड्यावर येताना: घरट्याची ओढ रक्तातली, पत्ता शिकवलेला

दिवस लहान होऊ लागले की पिंजरामुक्त शेडमध्ये नवी बॅच घेणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार कानावर येते. पक्षी चांगले, वजन बरोबर, खाद्य बरोबर, पण अंडी गादीवर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या भुशावर, पडतात. त्यापुढचे वाक्यही ठरलेले: "या वेळी जातच खराब आली." जातीचा संबंध आहे, नाही असे नाही. पण तो कुठपर्यंत आहे आणि आपले काम कुठून सुरू होते, हे कळल्याशिवाय नुसत्या जातीला शिव्या देऊन अंडी घरट्यात जात नाहीत. तुमच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, सध्या १६ ते १८ आठवड्यांच्या असतील, तर सगळा खेळ पुढच्या महिनाभरात ठरणार आहे.

आधी एक काम करा. बॅच अंड्यावर आली की दिवे लागल्यावर तासाभराने शेडमध्ये जा आणि एका जागी उभे राहा. अंडे घालायला आलेली कोंबडी लगेच ओळखू येते. तिचे खाद्याकडे लक्ष नसते. मान ताणून भिंतीच्या कडेने चालते, थांबते, मध्येच लांबट, कुरकुरल्यासारखा आवाज काढते. घरट्याच्या पडद्याखाली डोके घालते, मागे घेते, पुढच्या घरट्यात डोकावते. अशी चार-सहा घरटी तपासून एकात शिरते, गोल फिरते, छातीने खाली दाबून खळगा करते आणि बसते. आता दुसरीकडे बघा. पडद्यापाशी जिला दुसरीने चोच मारून हुसकावले, ती फीडरखालच्या सावलीत गेली आहे. तिथेही ती तशीच गोल फिरते, तशीच छाती दाबते. आपण म्हणतो अंडे जमिनीवर पडले. तिच्या लेखी ते घरट्यातच पडले.

हे सगळे वागणे आदल्या दिवशीच ठरलेले असते. अंडाशयातून पिवळा बलक सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत साधारण २४ ते २६ तास जातात. बलक सुटल्यावर मागे उरलेल्या पिशवीतून संप्रेरकांचा इशारा जातो आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी कोंबडी घरटे शोधू लागते. एडिंबरोमध्ये वुड-गश आणि गिल्बर्ट या संशोधकांनी १९६०च्या दशकात ही पिशवी काढून पाहिली, तर घरटे शोधण्याचे वागणेच बिघडले. म्हणजे ओढ पोटातून येते, ती शिकवावी लागत नाही. पिंजऱ्यातली कोंबडीसुद्धा अंड्याच्या आधी येरझाऱ्या घालते, ती याच कारणाने.

इथे एक गैरसमज दूर करतो. घरट्याची ओढ असलेली कोंबडी खुडूक बसेल, म्हणजे अंडी उबवत बसून राहील, असे पुष्कळांना वाटते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. खुडूक बसण्यामागे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक असते, आणि ती सवय पैदासकारांनी निवड करकरून बरीच मोडून काढली आहे. पांढरी लेगहॉर्न खुडूक जवळजवळ बसतच नाही, पण घरटे मात्र शोधतेच.

मग जातीजातीत फरक कुठून आला?

मूळ रानकोंबडी जमिनीवरच अंडी घालते, झुडपाच्या आडोशाला, दबलेल्या जागी. त्यामुळे जमिनीचे वावडे कोणत्याच कोंबडीला नाही. तिला हवा असतो तो आडोसा. तो किती हवा, त्यासाठी ती किती उंच चढेल, घरटे भरलेले असेल तर किती वेळ वाट पाहील, इतर कोंबड्यांशेजारी बसेल की एकटीला जागा शोधेल, या बाबतींत वाणांमध्ये आणि एकाच वाणातल्या कुळांमध्येही फरक असतो. जमिनीवर अंडी घालण्याची खोड काही प्रमाणात पिढीजात असते, हे पैदास प्रयोगांतून १९७०च्या दशकातच दिसून आले होते. त्याच प्रयोगांत परिसराचा वाटाही तितकाच ठळक दिसला. आनुवंशिकतेचा वाटा मध्यम आहे, असे धरून चाला. शून्य नाही, आणि सगळे काही तेच ठरवते असेही नाही.

यातली मला सगळ्यांत रंजक वाटणारी गोष्ट जुन्या सापळा-घरट्यांची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैदासकार एकेका कोंबडीच्या अंड्यांची नोंद सापळा-घरट्यात ठेवत. कोंबडी आत गेली की दार पडायचे, माणूस येऊन तिच्या पायातल्या बिल्ल्याचा नंबर लिहायचा. आता विचार करा, जी कोंबडी जमिनीवर अंडी घालायची तिच्या नावावर अंडे लागायचेच नाही. नोंद कमी, म्हणून ती पैदाशीतून बाद. कुणी मुद्दाम ठरवले नव्हते, तरी पिढ्यान् पिढ्या घरट्यात जाणाऱ्या कोंबड्यांचीच निवड होत राहिली. पुढे पैदाशीचे पक्षीही एकेकटे पिंजऱ्यात आले आणि ही चाळणी गेली. पिंजऱ्यात प्रत्येक अंडे मोजले जाते, कोंबडी घरट्यात गेली असती की नाही हे कळायला वावच नाही. अंडी वाढली, खाद्याचा खर्च घटला, पण घरट्याच्या बाबतीत कित्येक पिढ्या कुणी बघितलेच नाही.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०१२ पासून साधे पिंजरे बंद केले आणि हा प्रश्न पैदासकारांच्या दारात आला. आता मोठे पैदासकार कोंबडीच्या पायात ट्रान्सपाँडर (तिची ओळख यंत्राला सांगणारी चिप) बांधतात आणि एका वेळी एकच कोंबडी मावेल अशा घरट्यात ती कधी शिरली, किती वेळ बसली, अंडे घातले का, हे यंत्राने टिपतात. असे घरटे जर्मनीत वाइहेनश्टेफान इथे विकसित झाले. एका अर्थाने हे जुने सापळा-घरटेच, फक्त दार उघडायला माणूस लागत नाही. ज्या बहिणी-बहिणींच्या नोंदी चांगल्या, त्या कुळाला पुढे पैदाशीत जागा मिळते. म्हणून पिल्ले मागवताना हॅचरीला सरळ विचारा: या वाणाची निवड मोकळ्या कळपात घरट्यावर झाली आहे का, की फक्त पिंजऱ्यात? उत्तर गोलमोल आले तर समजून घ्या.

आणि त्याच ओघात: संकरित पक्ष्यांपासून घरीच पिल्ले काढून पुढची बॅच करू नका. व्यापारी लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेला पक्षी, हा बहुधा चार वेगवेगळ्या वंशांचा संकर असतो. त्याच्या पुढच्या पिढीत गुण फुटून विखुरतात. घरट्याचे वागणेही विखुरते, आणि एकाच शेडमध्ये तुम्हाला दहा स्वभावांच्या कोंबड्या मिळतात.

तपकिरी की पांढऱ्या, यावरून वेळापत्रक बदला

तपकिरी अंड्याच्या जाती साधारण लवकर अंडी घालतात. दिवे लागल्यापासून दोन ते चार तासांत त्यांचा जोर असतो. पांढऱ्या अंड्याच्या जातींचा जोर त्यानंतर एक-दोन तासांनी. दिवे ५ वाजता लागत असतील तर तपकिरी कळपासाठी ७ ते ९ ही मोलाची वेळ. या वेळात फीडरची, म्हणजे खाद्य पुढे नेणारी, साखळी फिरवू नका. साखळीचा आवाज आला की पडद्यापाशी वाट बघणारी कोंबडी फिरते, खायला धावते आणि अंडे वाटेतच पडते. खाद्याची एक फेरी दिवे लागताच उरका, पुढची अंड्यांचा जोर ओसरल्यावर. अंडी उचलण्याखेरीज शेडमध्ये माणसांची ये-जा, गादी हलवणे, लसीकरण, हे सगळे दुपारनंतर.

पांढऱ्या जाती हलक्या, चपळ, वरच्या मजल्यावरच्या घरट्यांत सहज जातात. तपकिरी जडावलेल्या, खालची घरटी आधी भरतात आणि एकीमागोमाग एक त्याच घरट्यात घुसतात. तपकिरी कळपाला म्हणूनच घरट्यापर्यंत चढायला सोपी पायरी किंवा उतार हवा. रांगेच्या दोन्ही टोकांची घरटी नेहमी ओसंडतात, मधली रिकामी राहतात. रांगेसमोर थोड्या थोड्या अंतरावर आडव्या फळ्या लावल्या तर कोंबडीला प्रत्येक फळी म्हणजे नवा कोपरा वाटतो आणि गर्दी पसरते. एकल घरटे ७ पक्ष्यांमागे १, सामूहिक घरटे असेल तर १२० पक्ष्यांमागे १ चौरस मीटर, ही युरोपीय संघाची किमान मर्यादा आहे. मी तिला किमानच समजतो.

या मोसमातला उजेड

थंडीच्या दिवसांत सूर्य कलता असतो. उन्हाची तिरीप बाजूच्या जाळीतून थेट घरट्याच्या तोंडात शिरते आणि उन्हाळ्यात अंधारे असलेले घरटे उजळून निघते. त्याच वेळी खांबामागे, फीडरखाली, भिंतीच्या कोपऱ्यात सावली गडद होते. कोंबडीचा हिशेब सोपा आहे, ती सावलीत जाते. सकाळी गुडघ्यावर बसून, कोंबडीच्या डोळ्याच्या उंचीवरून शेड बघा. जिथे अंधार घरट्यापेक्षा जास्त, तिथे एक दिवा वाढवा, आणि घरट्याच्या बाजूची तिरीप पडद्याने अडवा.

अंड्यावर आलेल्या कळपाचा उजेड कधी कमी होऊ देऊ नका. दिवस आखडतात तसा दिव्यांचा वेळ वाढवून १४ ते १६ तास भरून काढा. पुढे दिवस मोठे होऊ लागले की उलटी अडचण येते. उजाडते दिवे लागण्याआधीच, कळप लवकर जागा होतो आणि घरटी बंद असताना अंडी येऊ लागतात. तेव्हा घरटी उघडण्याची वेळ घड्याळावर न ठेवता पहाटेवर ठेवा. उजेड होण्याच्या एक-दोन तास आधी उघडी हवीत. संध्याकाळी मात्र दिवे मालवण्याआधी बंद करा, नाहीतर पक्षी आत झोपतात आणि घाण करतात.

पत्ता कसा शिकवायचा

शिकवणी पिल्लांपासूनच सुरू होते. चार आठवड्यांच्या आत बसायच्या दांड्या मिळालेली पिल्ले मोठेपणी जमिनीवर कमी अंडी घालतात, हे पाहणीतून दिसले आहे. उंचीवर चढायची सवयच नसलेली तलंग घरट्यापर्यंत पोचत नाही, मग तिचे कूळ कितीही चांगले असो. पिल्ले दुसरीकडून वाढवून घेत असाल तर दांड्या होत्या का, कोणत्या वयापासून, हे लिहून घ्या. पक्षी १६-१७ आठवड्यांत शेडमध्ये आणा. पहिल्या अंड्याच्या साधारण आठवडाभर आधी घरटी उघडा.

सुरुवातीला गादी पातळ ठेवा, दोनेक सेंटिमीटर पुरे. जाड, मऊ, कोरडा भुसा म्हणजे आयते घरटे. पाण्याची निपल लाइन (चोचीने दाबून प्यायच्या तोट्यांची नळी) घरट्यांजवळ असेल तर पक्षी आपोआप तिकडे वावरतात. पहिले तीन आठवडे जमिनीवरची अंडी दिवसातून पाच-सहा वेळा उचला, पहिली फेरी दिवे लागल्यावर लगेच. पडून राहिलेले अंडे दुसरीला खुणावते. भिंतीकडेने चालत जा आणि गादीवर बसलेली तलंग दिसली तर हळूच उचलून घरट्यात ठेवा. ओरडून, काठी आपटून हुसकावू नका, ती घाबरून तिसरीच जागा धरते. एकदा खोड लागलेली कोंबडी पुढे क्वचितच बदलते.

गादीवर अंडे घालणाऱ्या कोंबडीचे ढुंगण उघड्यावर लालसर दिसते आणि बाकीच्या टोचायला लागतात. नुकसान एका अंड्यावर थांबत नाही, ते असे.

ऊन वाढले की दोन गोष्टी बघा. तपकिरी कळपात एका घरट्यात दाटी होऊन पक्षी गुदमरून मरतात. दुपारी घरट्यात हात घाला, आतली हवा कोंदट लागली तर पडदे थोडे कापा, हवेची वाट करा. दुसरे, लाल माइट. गरम दिवसांत त्याची पिढी आठवड्या-दीड आठवड्यात तयार होते, दिवसा तो घरट्याच्या सांध्यांत लपतो आणि रात्री रक्त पितो. रात्री विजेरी आणि पांढरा कागद घेऊन सांधे खरवडा. कागदावर लाल-करडे ठिपके चालताना दिसले, तर कोंबड्या घरटे का टाळतात याचे उत्तर मिळाले. त्या दिवशी जातीला दोष देऊ नका.

शेडचा नकाशा एका कागदावर काढा आणि पहिला महिनाभर रोज सकाळी जिथे अंडे सापडले तिथे ठिपका द्या. ठिपके दोन-तीन कोपऱ्यांत दाटले तर दोष शेडचा, दिवा आणि फळी घेऊन कामाला लागा. सगळीकडे विखुरले आणि वेळापत्रक, उजेड, माइट सगळे तपासूनही तसेच राहिले, तर तो कागद घेऊन हॅचरीकडे जा.