उद्यम नोंदणीसाठी पैसे देऊ नका बाप्पा

गावात दालमिल, मिरची कांडप, घाणी असं काही टाकत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, पूर्णपणे फुकट आहे, एक रुपयाही लागत नाही. माह्या भावानं मोबाईलवर शोधलं तर वर आलेल्या कुठल्यातरी साईटवर अशोकचक्र, तिरंगा सगळं सरकारीच दिसत होतं, फॉर्म भरला आणि १५०० रुपये गेले. खरी साईट ओळखायची असली तर पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का तेवढं पाहा.

आधी आधारला मोबाईल नंबर लिंक आहे ना ते बघा, कारण ओटीपी त्याच्यावरच येते, नंबर बंद पडला असंन तर सगळं तिथंच अडकते. आधार, पॅन, बँकेचं पासबुक जवळ ठेवा. कामाचा कोड विचारते, तुरीची डाळ करत असाल तर १०६१३ टाका, पिठाच्या चक्कीला १०६११. एका माणसाची उद्यम नोंदणी एकच होते पण त्यात दोन-तीन कामं जोडता येतात, म्हणून चक्की आणि कांडपासाठी वेगवेगळी करत बसू नका.

आणि हो, खायचा माल विकत असाल तर फूड लायसन वेगळं काढा, उद्यमवर ते भागत नाही.