हलाल ब्रंच: खरी चौकशी गोडाच्या पानावर

दारावर 'हलाल' लिहिलेलं दिसलं की बहुतेक जण निवांत बसतात. मटण-चिकनपुरतं ते ठीक आहे. वांद्रे-अंधेरीकडच्या ब्रंच कॅफेत घोळ होतो तो मेनूच्या शेवटच्या पानावर. मूस, पॅनाकोटा, न भाजलेला चीजकेक, मार्शमेलो हे पदार्थ बऱ्याचदा जिलेटिनने घट्ट केलेले असतात आणि जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांपासून बनतं, डुकराच्याही. तिरामिसूत कॉफीच्या जोडीला रम किंवा लिकर पडते. म्हणून ऑर्डर देण्याआधी दोनच प्रश्न विचारा: जिलेटिन आहे की अगर-अगर (म्हणजे आपला चायना ग्रास)? आणि यात दारू आहे का? वेटर "नहीं होगा साब" म्हणाला तर ते उत्तर धरू नका, त्याला आत पाठवून पाकीट बघून यायला सांगा. हिरव्या ठिपक्यावरही विसंबू नका. ठिपका हिरवा म्हणजे जिलेटिन नाही एवढंच. दारूबद्दल तो काहीच सांगत नाही. रम घातलेला बिनअंड्याचा केकही 'व्हेज'च ठरतो.

फक्त चिकन हलाल आणि मेनूत पोर्क बेकनही, असं कॅफे असेल तर अंड्यांचा तवा वेगळा आहे का, तेही विचारा. ऑम्लेट बेकनच्याच चरबीवर उतरत असेल तर चिकन हलाल असून काय उपयोग?

एवढी उलटतपासणी नको असेल तर सरळ भेंडी बाजार गाठा. तिथलं पारंपरिक गोड म्हणजे दूध, मावा, तांदूळ, साखर. जवळचं स्टेशन सँडहर्स्ट रोड; तिथे मध्य रेल्वेची फास्ट गाडी थांबत नाही, भायखळ्याला उतरून स्लो पकडा. रविवारी सकाळी साडेआठच्या आत पोहोचा, उशीर केलात तर नळी (मगज भरलेलं हाड) संपलेली असते. रमजानात दिवसा जाऊ नका, बहुतेक खाणावळी बंद असतात.

नळी निहारीसाठी (मंद आचेवर शिजलेला मांसाचा रस्सा) १९२३ पासूनचं नूर मोहम्मदी प्रसिद्ध आहे. बोहरी मोहल्ल्यात बारा हंडीवालेही आहेत. तिथे रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या हंड्यांमधून पाया, नळी वगैरे वाढतात. ऑर्डर देताना 'बडे का' की 'छोटे का' हे आधी ठरवा. छोटे म्हणजे बकरा. बडे म्हणजे म्हैस-रेडा, कारण गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही राज्यात २०१५ पासून बंदी आहे. काही न बोलता बसलात तर समोर काय येईल याचा नेम नाही.

पुढे गोड खायचं असेल तर दोघांत एक निहारी पुरे. रोट्या एकदम चार मागवू नका, दोन-दोन गरम मागवा. प्लेट गार व्हायला लागली की तरी पांढुरकी होऊन कडेला गोठते आणि चव मेणचट लागते. लिंबू आणि आल्याचे काप आधीच सगळे न घालता अर्धे शेवटच्या घासांसाठी राखा. नळीतला मगज गरम असतानाच काढा: हाड रोटीवर उलटं धरून मनगटाला दोन ठोके द्या. तरीही नाही सुटला तर चमच्याच्या दांड्याने. हाड तोंडाला लावून ओढलंत तर मगज निसटून शर्टावर येतो.

लगेच आइस्क्रीमकडे धावू नका. चरबी टाळूवर असते, थंड लागलं की ती तिथेच गोठते आणि सीताफळाची चवच येत नाही. आधी एक गरम सुलेमानी (बिनदुधाचा चहा) घ्या, मग अर्धा तास पायी फिरा. त्यानंतर बोहरी मोहल्ल्यात ताज, १८८७ पासूनचं, संच्यात हाताने फिरवलेलं आइस्क्रीम. मावा जिलेबी बुऱ्हाणपूरची देणगी; जवळजवळ काळी दिसते, पण ती जळलेली नसते. मालपुव्यात अंडं असतं, शाकाहारी सोबती असतील तर आधीच सांगा. आणि तो कढईतून समोर निघत असेल तरच घ्या, गार झालेला चामड्यासारखा ओढावा लागतो.

घरी न्यायला फिरनी बरी. तिचे शिकोरे (मातीच्या वाट्या) सपाट तळाच्या डब्यात एकाच थरात ठेवा. माती ओलावा शोषते, त्यामुळे फिरनी घट्ट होते खरी, पण शिकोऱ्याचा तळही दमट होतो. कागदी पिशवी ठाण्यापर्यंत टिकत नाही.