काडतूस कुठल्या खिशात? जर्मनीत नव्याने शिकारीला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी

ऑक्टोबर उजाडला की नव्याने परवाना काढलेल्या आपल्यातल्याच कुणाचा तरी फोन येतो. प्रश्न ठरलेला. "काका, सशांच्या शिकारीला बोलावणं आहे, पण समोर हरीण आलं तर?" परीक्षा पास झालेली असते, कोट नवा असतो, टोपीला पीसही लावलेलं असतं, आणि हा प्रश्न मात्र मला विचारायचा असतो. तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

उत्तर सरळ आहे. हरीण आणि ससा एकाच दिवशी मारता येतात, पण एकाच काडतुसाने नाही. आणि दिवसभरात तुम्ही काय मारलं याच्याइतकंच तुमच्या खिशात काय होतं यालाही इथे महत्त्व आहे. आपल्या लोकांना हे दुसरं काही केल्या पटत नाही.

याक्टशाइनचं, म्हणजे शिकारीच्या परवान्याचं, फार सांगत नाही. लेखी, तोंडी-प्रात्यक्षिक आणि नेमबाजी असे परीक्षेचे भाग, सगळं जर्मनमध्ये. नागरिकत्व लागत नाही. विमा सक्तीचा आहे, माणसाला इजा झाली तर किमान ५ लाख युरोंचा. परवाना हातात आला म्हणून कुठेही शिरता येत नाही. रेविअर, म्हणजे शिकारीचं क्षेत्र, ज्याच्याकडे आहे त्याची परवानगी लागते, नाहीतर ती सरळ चोरटी शिकार होते आणि फौजदारी कायदा लागतो. 'जंगल सरकारचं, मग आपलंच' हा हिशोब विमानात बसतानाच मागे ठेवा.

आता मूळ मुद्दा. केंद्रीय शिकार कायद्याच्या १९व्या कलमात सगळं आहे आणि ते कलम दोनच पानांचं आहे, पण वाचत कुणी नाही. खुरांचे प्राणी, म्हणजे रेह, मोठं तांबडं हरीण, डामविल्ड नावाचं ठिपक्यांचं हरीण, रानडुक्कर, यांना इथे शालेनविल्ड म्हणतात. त्यांच्यावर छरे झाडायचे नाहीत. जखमी जनावराचा जीव लवकर जावा म्हणून शेवटचा बार काढायचा असेल, तरीही नाहीत. कायद्यात हे वेगळं लिहून ठेवलंय, कारण 'आता मरतंयच, तर टाका एक छऱ्याचा' असं म्हणणारे इथेही होते.

रेह लहान असतं, आपल्या भेकराच्या अंगाचं. त्याला रायफलची गोळी लागते आणि १०० मीटरवर तिची ताकद किमान १००० ज्यूल असावी लागते. बाकीच्या खुरांच्या प्राण्यांसाठी कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, ६.५ मिलिमीटर किंवा जास्त, आणि १०० मीटरवर किमान २००० ज्यूल. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. .२२३ रेमिंग्टन ही गोळी रेहला चालते, डुकराला नाही. .२४३ विंचेस्टर घेऊन लोक फसतात, कारण ताकद भरपूर पण जाडी ६.५ला पोचत नाही. शेजारच्या शेतातून डुक्कर धावत आलं तरी हातातली .२४३ खाली ठेवायची. .२२ रिमफायर सशाला ठीक, हरणाला कधीच नाही. पहिलीच रायफल घेत असाल तर .३०८ किंवा ६.५ बाय ५५ घ्या आणि हा विषय संपवा. दुकानातला माणूस स्वस्तातली .२२३ पुढे करेल, त्याचं ऐकू नका.

ससा, फेझंट पक्षी, बदक यांना छरे. सशाला साधारण साडेतीन मिलिमीटरचे, फेझंटला तीनचे, आणि अंतर ३५ मीटरच्या आत. छरे किती लांब घातक ठरू शकतात याचा परीक्षेतला ठोकताळा म्हणजे मिलिमीटर गुणिले शंभर मीटर. साडेतीनचा छरा असेल तर साडेतीनशे मीटरपर्यंत कुणी नको. रायफलची गोळी पाच किलोमीटरही जाऊ शकते. हा आकडा ऐकल्यावर याक्टलायटर, म्हणजे शिकारीचे प्रमुख, इतके कडक का असतात ते कळतं.

ऑक्टोबर ते जानेवारीचा मध्य या काळात दोन्ही हंगाम एकमेकांवर येतात. केंद्रीय नियमाप्रमाणे ससा आणि फेझंट १ ऑक्टोबर ते १५ जानेवारी, रेहची मादी १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी. राज्याराज्यांत तारखा बदलतात, आपल्या राज्याच्या पाहा. म्हणजे याच दिवसांत एकाच बांधावर दोन्ही जनावरं समोर येतात, आणि हात शिवशिवतात.

यावर जर्मनांनी काढलेला जुना उपाय म्हणजे ड्रिलिंग. वर शेजारी-शेजारी छऱ्याच्या दोन नळ्या, खाली रायफलची एक. मानेवरचा खटका पुढे सरकवला की नेमाची मागची खाच वर उभी राहते आणि पुढचा चाप रायफलच्या नळीला जोडला जातो. खटका मागे असेल तर तोच चाप छरे सोडतो. या बंदुकीच्या मी प्रेमात आहे हे लपवत नाही. पण नवख्याने पहिली दोन वर्षं ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबरातल्या सकाळी बोटं बधिर झालेली असतात, समोर रेह उभं राहतं, अंगठा खटक्यावर जातो की नाही ते घाईत कळत नाही, आणि चाप ओढला की हरणावर छरे. कायदा मोडला तो मोडलाच, वर जनावर लंगडत झाडीत जातं आणि मग कुत्र्यांना घेऊन अर्धा दिवस शोध. असे प्रकार घडतात. आणि ते ज्येष्ठ जर्मन शिकाऱ्यांकडूनही घडतात, फक्त ते सांगत नाहीत.

दुसरा सापळा ब्रेनेकेचा. विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८मध्ये छऱ्याच्या नळीतून मारायची एकच जड गोळी काढली. ती खुरांच्या प्राण्यांवर चालते, म्हणून लोक म्हणतात, एकच शॉटगन घ्या, डाव्या नळीत छरे, उजव्या नळीत ब्रेनेके, दोन्ही सोय. सोय आहे. पण छऱ्याचं आणि ब्रेनेकेचं काडतूस दोन्ही १२/७० मापाची, दोन्ही जाड प्लास्टिकची, खालचं पितळ तेच, आणि हातमोज्यातल्या बोटांना फरक कळत नाही. एक साडेतीनशे मीटरपर्यंत धोक्याचं, दुसरं दीड किलोमीटरपर्यंत. हाकाऱ्यांची रांग समोर असताना हे दोन एकाच खिशात सापडले तर याक्टलायटर तुम्हाला गाडीत बसवून घरी पाठवेल, आणि योग्यच करेल. वर टोकाची घडी वेगळी असते, पाकिटावर लिहिलेलं असतं, रंगही वेगळा घेता येतो. ते सगळं दुकानात बघायचं, शेतात नाही.

म्हणून माझी पद्धत सांगतो. सकाळच्या गोलात याक्टलायटर त्या दिवशी काय मारायचं ते जाहीर करतो. नीट ऐका, शब्द चुकला तर परत विचारा, कुणी हसत नाही. 'फक्त लहान शिकार' म्हटलं तर रायफलच्या गोळ्या आणि ब्रेनेके गाडीत, कुलपात. एकही खिशात नाही. 'रेहही' असं म्हटलं तर गोळ्या छातीच्या डाव्या खिशात, बटण लावून, आणि छरे कमरेच्या पट्ट्यात. जागा कायम तीच. बंदूक आपल्या ठिकाणावर उभं राहिल्यावर भरायची आणि हाका संपल्याची खूण झाली की मोकळी करायची. याक्टलायटरने परवानगी दिली नसेल तर समोर बारा फाट्यांचं हरीण येऊन उभं राहिलं तरी ते बघायचं आणि सोडायचं.

कोकणातून आलेल्यांना हे जड जातं. माझं गाव सिंधुदुर्गातलं. तिथे शेतसंरक्षणाच्या परवान्यावर घराघरात बंदुका आहेत, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतात. पारधीच्या जुन्या गोष्टींत ठासणीच्या बंदुकीत दारू ठासली की वर काय भरायचं ते समोर काय आलं त्यावर ठरायचं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते दिवस गेले, पण गोष्टी राहिल्या आणि त्या ऐकून वाढलेली मुलं इथे येऊन 'चालतंय की' म्हणतात. इथे चालत नाही. कलम १९ मोडलं तर ५००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, आणि परवान्यावर वेगळी कारवाई.

शिशाचं वेगळंच प्रकरण आहे. १५ फेब्रुवारी २०२३पासून युरोपीय संघात पाणथळ जागेत आणि तिच्यापासून १०० मीटरच्या आत शिशाच्या छऱ्यांनी शिकार करता येत नाही. नुसतं वापरायलाच नाही, शिकारीला जाताना अंगावर बाळगायलाही मनाई आहे. तुम्ही सशासाठी निघालात, मध्ये तळं आहे, खिशात शिशाचे छरे आहेत, आणि कुणी अडवलं, तर तुमची शिकार पाणथळातली नव्हती हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर. मी सरळ पोलादी छरे वापरतो. ते हलके, म्हणून दोन आकार मोठे घ्यावे लागतात, आणि दगडावर आपटून उसळतात. आजोबांच्या जमान्यातली बंदूक कुणी प्रेमाने दिली असेल तर तिच्यात पोलादी काडतूस घालण्याआधी बंदूकवाल्याला दाखवा. जास्त दाबाच्या पोलादी काडतुसांसाठी नळीवर लिलीच्या फुलाचा ठसा हवा. हरणाच्या गोळ्यांचं म्हणाल तर बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये खुरांच्या प्राण्यांना शिसं अजिबात चालत नाही. शेजारच्या राज्यात मित्राकडे गेलात तर तिथला नियम तिथे.

आता जे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो ते. भारतात जाताना शिकारीचा कोट घालू नका. बॅगेतही नको.

ओळखीचा एक मुलगा, पुण्याचा, हुशार, नेमही चांगला. डिसेंबरात शनिवारी शिकार, मंगळवारी मुंबईचं विमान. थंडी होती म्हणून तोच कोट अंगावर. आतल्या खिशाच्या अस्तराला भोक पडलेलं, त्यातून छऱ्याचं एक काडतूस खाली घसरून शिवणीशी जाऊन बसलेलं. विमानतळावरच्या तपासणीत ते दिसलं. विमान गेलंच. पोलिसांत जबाब, वकील, आणि महिन्याभराने परवाना देणाऱ्या कार्यालयाचं पत्र, की तुमच्या विश्वासार्हतेबद्दल शंका आहे, परवाना का काढून घेऊ नये ते कळवा. शेवटी परवाना वाचला, पण वकिलाच्या बिलात एक चांगली रायफल आली असती.

आणि त्याचं नशीब की ते इथे सापडलं. मुंबईत सापडलं असतं तर १९५९चा शस्त्र कायदा. एका जिवंत काडतुसावर गुन्हा नोंदला जातो. जाणूनबुजून जवळ बाळगलं नव्हतं असं दिसलं तर उच्च न्यायालयं असे खटले रद्द करतात, पण तोवर तारखांवर तारखा, आणि तुमची इथली रजा संपलेली. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्यासुद्धा पुतण्याला आठवण म्हणून नेऊ नका. पुतण्याला चॉकलेट न्या.

घरात साठवणीचं थोडक्यात. तिजोरी 'ग्रेड ०' या सुरक्षा दर्जाची, काडतुसं तिच्यातच. किल्ली कपाटात किंवा फुलदाणीत नाही. म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये म्हटलं की किल्लीही तेवढ्याच सुरक्षिततेच्या जागी हवी. आकड्यांचं कुलूप घ्या, कटकट मिटते. आणि बायकोला तो आकडा सांगायचा नाही, तिच्या नावावर परवाना नसेल तर. यावरून घरात एकदा भांडण होतं, होऊ द्या.

मंडळाच्या गणेशोत्सवात मेलेल्या हरणाचे फोटो दाखवत फिरू नका, एवढंही सांगतो. अर्धी मंडळी शाकाहारी, उरलेल्यांना मटण चालतं पण ते कुठून येतं ते बघायचं नसतं. ज्यांना खरंच रस असतो ते आपणहून विचारतात आणि बहुतेक वेळा मांसच मागतात. रेहचं मांस मालवणी मसाल्यात उत्तम लागतं, फक्त त्याला चरबी नसते, तेव्हा तेल थोडं सढळ हाताने घाला आणि ससा त्याच पातेल्यात टाकू नका, तो आधी शिजतो.